टेनिसचे वर्ष आपल्या पंचांगावर मांडून पाहिले तेव्हा

तिफण (यवतमाळ जिल्हा) :

कापसाची दुसरी वेचणी आटोपली आहे, हरभऱ्याला पाणी सुरू आहे आणि टेनिसही सध्या थांबलेले आहे. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस डेव्हिस चषक ही देशांच्या संघांची स्पर्धा संपली, आणि आता जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरुषांच्या मुख्य दौऱ्यावर क्रमवारीचे गुण देणारा एकही सामना नाही. या मोकळ्या दिवसांत माझ्या नववीतल्या पुतण्याने मला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर देता देता हा धागा काढण्याची इच्छा झाली. तो म्हणाला, "काका, टेनिसमध्ये दर रविवारी कोणी ना कोणी चषक उचलतोच. मग वर्षाचा विजेता कोण, आणि हे वर्ष सुरू कुठे होते?"

मी गेली वीस वर्षे टेनिस पाहतो, पण हे वेळापत्रक सलग कोणाला समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर आली नव्हती. शेवटी भिंतीवरचे पंचांग खाली उतरवले आणि 2025 च्या स्पर्धा त्याच्या पानांवर पेन्सिलने लिहिल्या. तेव्हा माझ्याच लक्षात आले की आपल्या शेतीच्या वर्षासारखेच हे वर्षही ऊन, जमीन आणि देणे या तीन गोष्टींवर चालते. ऊन म्हणजे ऋतू, जमीन म्हणजे कोर्टाचा पृष्ठभाग, आणि देणे म्हणजे मागच्या वर्षी मिळवलेले गुण. ते वर्षभराने खात्यातून वजा होतात.

वर्षाची सुरुवात दक्षिण गोलार्धात होते, कारण जानेवारीत उन्हाळा तिकडे असतो. पहिल्या आठवड्यांत पर्थ, सिडनी, ब्रिस्बेन, ॲडलेड, ऑकलंड अशी ठिकाणे येतात, हाँगकाँगही असते, आणि मग मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन. 2025 मध्ये ती 12 जानेवारीला सुरू झाली आणि दोन दिवसांनी आपल्याकडे संक्रांत होती. जानेवारीत ऑस्ट्रेलिया ही या खेळाची जुनी परंपराच आहे. तिथला सकाळी अकराचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो. ज्या आठवड्यात शेतीच्या फिडरला रात्री थ्री फेज वीज मिळते, त्या आठवड्यात रात्रभर ओलीत करून घरी यावे, चहा ठेवावा आणि सामना लावावा, असा माझा अनेक वर्षांचा क्रम आहे.

फेब्रुवारीत दौरा एकाच वेळी अनेक दिशांना फुटतो. युरोपात रॉटरडॅमला छताखाली हार्ड कोर्टवर (म्हणजे टणक, पक्क्या कोर्टवर), आखाती देशांत दोहा आणि दुबईला मोकळ्या हार्ड कोर्टवर, आणि दक्षिण अमेरिकेत ब्यूनस आयर्स व रिओला लाल मातीवर खेळ चालतो. ज्याला जी जमीन मानवते तिकडे तो जातो. मार्चमध्ये सगळे पुन्हा एकत्र येतात ते अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या इंडियन वेल्सला आणि नंतर फ्लोरिडातल्या मायामीला. या दोन्ही मास्टर्स 1000 दर्जाच्या स्पर्धा आहेत, म्हणजे विजेत्याला 1000 गुण मिळतात. वर्षभरात अशा एकूण नऊ आहेत. यंदाची धुळवड इंडियन वेल्सच्या दुसऱ्या आठवड्यात आली होती.

एप्रिलपासून लाल माती सुरू होते, आणि वर्षाचा हा तुकडा मला सर्वात प्रिय आहे. मोंटे कार्लो, बार्सिलोना, म्युनिक, माद्रिद, रोम आणि शेवटी पॅरिसची रोलँ गॅरोस. मोंटे कार्लो समुद्रकाठी आहे, तर माद्रिद सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ असल्यामुळे चेंडू वेगाने जातो, म्हणून एकाच लाल मातीवर दोन वेगळे खेळ दिसतात. यंदा अक्षय तृतीया माद्रिदच्या स्पर्धेत आली. रोलँ गॅरोस 25 मे रोजी सुरू झाली आणि आपल्याकडे नवतपाही (सूर्य रोहिणीत गेल्यावरचे नऊ तापते दिवस) त्याच दिवशी लागला. संपली ती 8 जूनला, मृगाच्या तोंडावर. स्पेनच्या कार्लोस अल्काराझने इटलीच्या यानिक सिनरविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात तीन चॅम्पियनशिप पॉइंट (तो एक गुण गेला की चषकच गेला, असे क्षण) वाचवले आणि 5 तास 29 मिनिटांनी तो जिंकला. त्या स्पर्धेचा इतका लांब अंतिम सामना त्याआधी कधी झाला नव्हता. बाहेर पाऊस येईल की नाही याची चिंता होती आणि बियाण्याच्या पिशव्या ओसरीत रचलेल्या होत्या, तरी तो सामना संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.

तिथल्या मातीविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपण तिला लाल माती म्हणतो, पण वरचा थर म्हणजे विटांची बारीक भुकटी असते आणि तो थर जेमतेम एकदोन मिलिमीटरचा असतो. त्याखाली पांढरा चुनखडीचा थर आणि त्याखाली पाणी जिरवणारी खडी असते. आपल्या काळ्या कसदार जमिनीवर असे कोर्ट होऊ शकत नाही, कारण ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. म्हणून आपल्या शाळांच्या मैदानांवर आधी मुरूम टाकावा लागतो. मात्र वीटभट्ट्या आपल्याकडे प्रत्येक नदीकाठी आहेत, आणि तिथली भुकटी पाहिली की मला दरवेळी पॅरिस आठवते.

त्यानंतर हिरवळ, म्हणजे ग्रास. हा हंगाम इतका लहान आहे की डोळ्यांत भरेपर्यंत संपतो. स्टुटगार्ट, हॅले, लंडनचा क्वीन्स क्लब, आणि मग विम्बल्डन. 2014 पर्यंत पॅरिस आणि विम्बल्डन यांच्यात दोनच आठवडे असत. 2015 पासून ते तीन झाले, म्हणून लाल मातीवरचे पाय हिरवळीला सरावायला थोडा तरी वेळ मिळू लागला. विम्बल्डनचे गवत 8 मिलिमीटर उंचीवर कापलेले असते आणि 2001 पासून ते पूर्णपणे बारमाही राय गवताचे आहे. यंदा ही स्पर्धा 30 जून ते 13 जुलै, म्हणजे आर्द्रा आणि पुनर्वसू नक्षत्रांत झाली. आपल्याकडे डवरणीचे दिवस असतात. सेंटर कोर्टचा पहिला सामना संध्याकाळी सहाला लागतो, त्यामुळे शेतातून आलेल्या माणसाला वर्षात हीच स्पर्धा सर्वात सोयीची पडते.

जुलैच्या उत्तरार्धात युरोपात गस्टाड, उमाग, किट्झब्यूएल अशा छोट्या स्पर्धा पुन्हा लाल मातीवर होतात. मग अमेरिकेचे हार्ड कोर्ट येते. वॉशिंग्टन, कॅनडा, सिनसिनाटी आणि न्यूयॉर्कची यूएस ओपन. यंदा 22 ऑगस्टला पोळा झाला, 23 ला तान्हा पोळा, आणि 24 ला यूएस ओपन सुरू झाली. सप्टेंबरच्या शेवटी दौरा आशियात येतो, बीजिंग व टोकियोनंतर शांघाय मास्टर्स होते. दसरा शांघायच्या दुसऱ्या दिवशी होता. लक्ष्मीपूजन आले त्या आठवड्यात व्हिएन्ना आणि बासेलला छताखालचे सामने चालू होते. मग पॅरिस मास्टर्स, आणि शेवटी इटलीतल्या ट्युरिनला वर्षातल्या सर्वोत्तम आठ जणांची एटीपी फायनल्स. (एटीपी म्हणजे पुरुषांचा हा दौरा चालवणारी संघटना.)

आता पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर. वर्षाचा विजेता म्हणजे ट्युरिननंतर क्रमवारीत पहिला असणारा. ग्रँड स्लॅम (मेलबर्न, पॅरिस, विम्बल्डन आणि न्यूयॉर्क या चार सर्वात मोठ्या स्पर्धा) विजेत्याला 2000 गुण, मास्टर्सला 1000, त्याखालच्या स्पर्धांना 500 आणि 250, आणि ट्युरिनला एकही सामना न हरता जिंकणाऱ्याला 1500. यंदा अल्काराझ आणि सिनर यांनी दोन दोन ग्रँड स्लॅम जिंकल्या, ट्युरिनही सिनरनेच जिंकली, तरी पहिला राहिला तो अल्काराझ, 12,050 गुणांनी, सिनरच्या 11,500 पुढे. याचे कारण वेळापत्रकातच आहे. उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात झालेल्या तडजोडीनुसार सिनर 9 फेब्रुवारी ते 4 मे बंदीखाली होता आणि त्या तीन महिन्यांत इंडियन वेल्स, मायामी, मोंटे कार्लो व माद्रिद अशा चार मास्टर्स येऊन गेल्या. ऐन पेरणीच्या पंधरवड्यात आजारी पडलेल्या माणसाचे वर्ष जसे जाते, तसे हे झाले.

माझे मत असे आहे की हे वर्ष दोन गोष्टींत चुकले आहे. हिरवळीचा हंगाम फार आखूड ठेवला आहे, आणि मास्टर्स स्पर्धा विनाकारण लांबवल्या आहेत. पूर्वी आठवड्याभरात संपणाऱ्या माद्रिद, रोम आणि शांघाय 2023 पासून बारा दिवसांच्या झाल्या, 2025 पासून कॅनडा आणि सिनसिनाटीही तशाच झाल्या. आता एका आठवड्याच्या उरल्या त्या फक्त मोंटे कार्लो आणि पॅरिस. आपण सर्वांनी यावर मोकळेपणाने लिहावे.

पांदणरस्ता (वाशीम जिल्हा) :

तिफणभाऊ, लेख दोनदा वाचला. नवतपा आणि रोलँ गॅरोस एकाच दिवशी, हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. मात्र गुण खात्यातून वजा होतात ही गोष्ट मला नीट कळली नाही. एकदा जिंकलेले गुण कोणी परत कसे घेऊ शकतो? एखादे उदाहरण देऊन सांगावे.

तिफण :

पीककर्जाचे उदाहरण घ्या. कर्ज मिळाले म्हणजे ते कायमचे आपले झाले असे नसते. वर्ष संपताना ते भरावे लागते आणि मगच नवे मिळते. टेनिसमध्ये गुणांची मुदत 52 आठवड्यांची आहे. या जानेवारीत मेलबर्नला मिळवलेले गुण पुढच्या जानेवारीत मेलबर्नलाच खात्यातून जातात आणि त्यांच्या जागी त्या वर्षीच्या कामगिरीचे गुण येतात. तितकेच मिळवले तर क्रमवारी टिकते, कमी मिळवले तर घसरते. याला गुण राखणे म्हणतात.

आपल्याच सुमित नागलचे पाहा. सप्टेंबर 2023 मध्ये त्याने सांगितले होते की आपल्या बँक खात्यात सुमारे 900 युरो उरले आहेत. जानेवारी 2024 मध्ये तो ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी पार करून मुख्य स्पर्धेत आला आणि त्याने पहिल्या फेरीत अलेक्झांडर बुब्लिक या मानांकित खेळाडूला हरवले. भारतीयाने ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मानांकिताला हरवण्याची ती 1989 नंतरची पहिलीच वेळ होती. दुसऱ्या फेरीपर्यंत पोचल्याचे 1,80,000 ऑस्ट्रेलियन डॉलर त्याला मिळाले. पुढच्याच महिन्यात त्याने चेन्नईची चॅलेंजर, म्हणजे मुख्य दौऱ्याखालच्या दर्जाची, स्पर्धा जिंकली, तो पहिल्या शंभरात आला आणि जुलै 2024 मध्ये 68 व्या क्रमांकापर्यंत गेला. जानेवारी 2025 मध्ये मात्र तो मेलबर्नला पहिल्या फेरीत हरला. आदल्या वर्षीचे गुण गेले आणि तो शंभराच्या बाहेर पडला. त्या आठवड्यात तो वाईट खेळाडू झाला असे नाही, त्याची मुदत भरली होती.

निवृत्त गुरुजी (अमरावती जिल्हा) :

चिरंजीव तिफण, लेख मनापासून आवडला. तरी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवणे माझे कर्तव्य आहे.

पहिली अशी. "जानेवारीत ऑस्ट्रेलिया ही जुनी परंपरा" हे विधान जसेच्या तसे टिकत नाही. ती स्पर्धा 1905 साली सुरू झाली, पण तिचे महिने बदलत आले आहेत. 1977 साली ती जानेवारीत झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुन्हा झाली. त्यानंतर 1985 पर्यंत ती वर्षाच्या अखेरीसच होत असे. नाताळाच्या दिवसांत इतक्या दूर जाण्यास अनेक मोठे खेळाडू तयार नसत. स्वीडनचा नामवंत खेळाडू ब्यॉर्न बोर्ग तर आपल्या सबंध कारकिर्दीत तिथे एकदाच, 1974 साली, खेळला. शेवटी स्पर्धा जानेवारीत आणण्याचे ठरले. डिसेंबर 1985 नंतरची स्पर्धा थेट जानेवारी 1987 मध्ये झाली आणि 1986 या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपन झालीच नाही. आपल्या पंचांगात क्षयमास येतो तसे हे क्षयवर्ष म्हणता येईल. 1988 मध्ये कूयाँगची हिरवळ सोडून ती आजच्या मेलबर्न पार्कच्या हार्ड कोर्टवर आली आणि तेव्हापासून तिचे दिवस पालटले.

दुसरी दुरुस्ती पंचांगाची. आपण नक्षत्रे आणि सण यांना एकाच मापाने मोजले आहे. नक्षत्रे सूर्यावर चालतात, म्हणून रोहिणी आणि रोलँ गॅरोस यांची जोडी दरवर्षी टिकेल. 2026 ची स्पर्धा 24 मे रोजी सुरू होत आहे. सण मात्र तिथीवर चालतात. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे पोळा सप्टेंबरमध्ये जाईल आणि तो यूएस ओपनच्या आधी न येता तिच्या शेवटच्या दिवसांत येईल. पुतण्याला शिकवताना हा भेद अवश्य सांगावा.

आणखी एक आठवण लिहितो. आपल्या राज्यातही या वेळापत्रकाचा एक आठवडा होता. 1997 पासून चेन्नईला होणारी स्पर्धा 2018 मध्ये पुण्याला, बालेवाडीच्या संकुलात, आली आणि महाराष्ट्र ओपन या नावाने 2023 पर्यंत राहिली. पहिली दोन वर्षे ती जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात होती, म्हणजे टेनिसचे नवे वर्ष महाराष्ट्रातही उजाडत असे. 2019 साली मी बडनेऱ्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने अंतिम सामना पाहायला गेलो होतो. केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच. एकाची उंची दोन मीटरहून अधिक, दुसऱ्याची त्याहूनही अधिक, आणि कार्लोविच चाळिशीला आलेला. तिन्ही सेट टायब्रेकवर (6-6 बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमवर) गेले आणि अँडरसन जिंकला. बिनतोड सर्व्हिसचा तसा आवाज दूरचित्रवाणीवर ऐकू येत नाही. 2023 नंतर भारतात एटीपीच्या मुख्य दौऱ्याची एकही एकेरी स्पर्धा उरली नाही, याचे मला खरोखर दुःख आहे.

तिफण :

गुरुजी, दोन्ही दुरुस्त्या शिरोधार्य. 1986 ची गोष्ट मला ठाऊक नव्हती. अधिक मासाचे मात्र मी विसरायला नको होते, कारण पोळा लांबला की आमच्या गावातले सगळेच नियोजन बदलते.

संत्राबाग (वरुड तालुका) :

उन्हाचा विषय निघालाच आहे तर त्यावर सविस्तर लिहितो, कारण या वेळापत्रकावर सर्वात मोठा ताण उन्हाचाच आहे आणि त्याविषयी आपल्या भागातल्या लोकांना इतरांपेक्षा अधिक कळते.

दौरा उन्हाच्या मागे फिरतो, पण आता ऊन त्याला झेपेनासे झाले आहे. जानेवारी 2014 मध्ये मेलबर्नला सलग चार दिवस तापमान चाळीस अंशांच्या वर होते. ऑक्टोबर 2025 मध्ये शांघायला दमट उष्म्याने इतका कहर केला की सिनरला पायात गोळे येऊन सामना सोडावा लागला. वाचणाऱ्याला प्रश्न पडेल की आपल्याकडे मे महिन्यात 45 अंशांत माणसे शेतात काम करतात, मग शांघायच्या त्याहून कितीतरी कमी तापमानात असे काय झाले? उत्तर आपल्या घरच्या कूलरमध्ये आहे. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली गार करतो, कारण हवा कोरडी असते आणि पाणी झरझर उडते. तोच कूलर जुलैमध्ये लावला तर नुसता चिकचिकाट होतो. माणसाचा घाम म्हणजे त्याच्या अंगावरचा कूलर. हवा दमट असली की घाम निथळतो, पण उडत नाही, आणि आतली उष्णता आतच राहते.

म्हणूनच एटीपीने 2026 पासून लागू केलेला नियम साध्या तापमापकावर ठरवलेला नाही. हवेतला ओलावा, ऊन आणि वारा हे सगळे धरून जे माप काढतात त्यावर तो ठरला आहे. तीन सेटच्या एकेरी सामन्यात पहिल्या दोन सेटमध्ये हे माप 30.1 ला पोचले, तर दुसऱ्या सेटनंतर कोणत्याही खेळाडूला दहा मिनिटांची विश्रांती मागता येते, आणि 32.2 च्या वर गेले तर खेळ थांबतो. ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये 2019 पासून पाच टप्प्यांचे उष्मामापन आधीच आहे. नियम चांगला आहे, पण माझ्या मते तो अर्धाच उपाय आहे. आम्ही संत्र्याच्या अंबिया बहाराला उन्हाच्या भरात पाणी देत नाही, वेळ बदलतो. तसे इथेही दुपारचे सामने संध्याकाळी न्यावेत, आणि जमत नसेल तर त्या शहराचा आठवडाच बदलावा.

रॅकेट आणि मुरूम (वर्धा जिल्हा) :

तिफणभाऊ, तुमच्या शेवटच्या मुद्द्याशी मी असहमत आहे. मी तालुक्याच्या ठिकाणी मुलांना टेनिस शिकवते. आमचे एकच कोर्ट आहे, मुरमावर रोलर फिरवून केलेले, आणि जाळी आम्ही दोनदा शिवून घेतली आहे. त्यामुळे हे वेळापत्रक मी खालच्या टोकाकडून पाहते.

मास्टर्स बारा दिवसांच्या झाल्या त्या नुसत्या लांबवल्या नाहीत. त्यांत पूर्वी 56 खेळाडू असत, आता 96 असतात. प्रत्येक स्पर्धेत चाळीस जास्तीच्या माणसांना दार उघडले. तुम्ही ज्या शांघायविषयी लिहिले तिथेच यंदा काय घडले ते पाहा. मोनाकोचा व्हॅलेंटिन वाशरो हा क्रमवारीत 204 वा होता, पात्रता फेरीतून आला, आणि अंतिम सामन्यात नात्याने भाऊ लागणाऱ्या आर्थर रिंडरक्नेशला हरवून तो विजेता झाला. इतक्या खालच्या क्रमांकाचा मास्टर्स विजेता आजवर झाला नव्हता.

आता याहून खालची पायरी. मुख्य दौऱ्याखाली चॅलेंजर स्पर्धा असतात आणि त्याखाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या एम 25 आणि एम 15. एम 15 स्पर्धेत सलग पाच सामने जिंकून विजेता होणाऱ्याला 15 गुण मिळतात. ग्रँड स्लॅमच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला 10 मिळतात. आमच्यासारख्या ठिकाणची मुले चढायला लागतात ती या पाच सामन्यांच्या पायरीवरून. "वर्ष फार लांब आहे" ही तक्रार वरच्या वीस जणांची आहे, आणि ती खरीही आहे. पण तीनशेव्या क्रमांकाचा खेळाडू वर्ष आखूड करा असे म्हणणार नाही. आठवडा गेला की त्याची कमाई गेली. त्याला हवी आहे ती जवळची स्पर्धा, जिथे विमानाच्या तिकिटावर बक्षिसाहून अधिक पैसे जाणार नाहीत.

म्हणून मला फेब्रुवारी महत्त्वाचा वाटतो. 2025 च्या फेब्रुवारीत चेन्नई, दिल्ली, पुणे आणि बेंगळुरू इथे चार चॅलेंजर स्पर्धा झाल्या. भारतीय खेळाडूला एक महिनाभर देशाबाहेर न जाता गुण मिळवता येतात. माझ्यासाठी वर्षाचा मुख्य महिना हा आहे, विम्बल्डनचा जुलै नाही.

तिफण :

ताई, तुमचे म्हणणे मी दोन दिवस मनात घोळवले आणि नंतरच लिहायला बसलो. 96 जणांच्या स्पर्धेमुळे चाळीस जणांना दार उघडते ही गोष्ट मला मान्य आहे, आणि मूळ लेखातला "विनाकारण" हा शब्द मी मागे घेतो.

तरीही एक शंका उरते. यंदा कॅनडाची मास्टर्स विम्बल्डन संपल्यावर दोनच आठवड्यांनी सुरू झाली आणि सिनर, अल्काराझ, जोकोविच व ड्रेपर या चौघांनीही तिच्यातून माघार घेतली. तिचा शेवट झाला त्याच दिवशी सिनसिनाटी सुरू झाली, ती सोमवारी संपली, आणि लगेच त्या रविवारी यूएस ओपन. ऑक्टोबरमध्ये होल्गर रूने या खेळाडूच्या टाचेमागची शीर स्टॉकहोमला कोर्टवरच तुटली. शेतात एकामागून एक तीन पिके घेता येतात, पण जमिनीला कधीतरी पडीक ठेवावे लागते. 96 खेळाडू ठेवूनही स्पर्धा आठ-नऊ दिवसांत बसवता येणार नाही का, असा माझा प्रश्न आहे.

रॅकेट आणि मुरूम :

बसवता येईल, पण मग वरच्यांना सलग दिवस खेळावे लागेल आणि दोन सामन्यांमधली एक दिवसाची विश्रांती जाईल. बारा दिवसांत ती मिळते. दोन्हीपैकी काय अधिक दमवते हे मला अजून ठरवता आलेले नाही.

निवृत्त गुरुजी :

या चर्चेत डेव्हिस चषकाचा उल्लेख ओझरताच झाला, म्हणून दोन ओळी. सप्टेंबर 2025 मध्ये भारताने स्वित्झर्लंडला त्यांच्याच देशात 3-1 ने हरवले. युरोपात जाऊन युरोपीय संघाला हरवण्याची ही 1993 मध्ये फ्रान्सला हरवल्यानंतरची पहिलीच वेळ. पुढची लढत फेब्रुवारी 2026 मध्ये भारतातच नेदरलँड्सविरुद्ध आहे. ताईंच्या फेब्रुवारीत ही एक भर.

जिनिंग रात्रपाळी (यवतमाळ जिल्हा) :

मी जिनिंगमध्ये रात्री आठ ते सकाळी आठ काम करतो. कापसाचा हंगाम असल्यामुळे मार्चपर्यंत हीच पाळी राहील. मोबाइलवर मधल्या सुट्टीत थोडे पाहता येते. पुढच्या वर्षीचे कोणते सामने मला सलग पाहता येतील, हे कोणी सांगू शकेल काय?

तिफण :

भाऊ, आपल्यासाठी जानेवारी चांगला आहे. मेलबर्नचे रात्रीचे सत्र आपल्याकडे दुपारी दीडला सुरू होते. सकाळी घरी जाऊन झोप घ्यावी आणि उठल्यावर दिवसातला सर्वात मोठा सामना लावावा. मार्चमधली इंडियन वेल्स रात्री साडेअकराला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, ती आपल्या कामाच्या वेळेतच येते. मायामी रात्री साडेआठपासून, म्हणून तीही तशीच. पॅरिसला सामने दुपारी अडीचला आणि विम्बल्डनचे बाहेरच्या कोर्टांवरचे सामने साडेतीनला सुरू होतात. तोवर आपला हंगाम संपलेला असेल आणि संध्याकाळ मोकळी असेल. यूएस ओपनचे दिवसाचे सत्र रात्री साडेआठला आणि रात्रीचे पहाटे साडेचारला लागते. ट्युरिनचे दुपारचे एकेरी सामने संध्याकाळी साडेसहाला, रात्रीचे मध्यरात्री एकला.

2026 ची ऑस्ट्रेलियन ओपन 18 जानेवारीला, रविवारी सुरू होते. त्या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची वीज आहे, म्हणजे पहाटेचा पहिला सामना मी पाहीन. काय झाले ते इथे लिहून ठेवतो, आपण दुपारी उठल्यावर वाचावे.